कंठ फुटण्याचे वय आणि शाळेतला संगीताचा तास

माध्यमिक शाळेत संगीत शिकवायचे म्हणजे कोणत्या वयाला शिकवायचे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आठवी ते दहावी म्हणजे साधारण तेरा ते सोळा वर्षे. नेमक्या याच वर्षांत मुलांचा आवाज बदलतो. पाचवीत स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत उभा राहून गाणारा मुलगा नववीत मागच्या रांगेत जातो, प्रार्थनेला नुसते ओठ हलवतो आणि पुढे आयुष्यभर गात नाही. घरात आरती असो, भजन असो की आमच्याकडचे स्तवन, पुष्कळसे पुरुष फक्त टाळ्या का वाजवतात, याचे एक कारण या दोन-तीन वर्षांत दडलेले आहे असे मला वाटते.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. या वयात मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि घशात थोडे खाली उतरते. त्याची पुढची कड बाहेर दिसू लागते, तोच कंठमणी. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते, तेच तत्त्व येथेही आहे. लहान मुलगा बोलतो तेव्हा हे तंतू सेकंदाला सुमारे २५० वेळा कंप पावतात; प्रौढ पुरुषात १२०च्या आसपास. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचा आवाजही बदलतो, पण तो पेटीच्या दोन-तीन पट्ट्यांइतकाच उतरतो. काही काळ त्यात श्वास मिसळल्यासारखा वाटतो, इतकेच.

स्वरयंत्र वाढते, पण ते चालवणाऱ्या स्नायूंना नव्या मापाची सवय व्हायला काही महिने, कधी वर्षभरही लागते. तोवर आवाज मध्येच वर उडतो, चिरकतो. काही पालक अशा मुलाला दवाखान्यात आणून गोळ्या मागतात. हा आजार नव्हे, म्हणून याला औषधही नाही, असे मी त्यांना सांगतो. सर्दी-पडसे नसताना घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला, गाताना दुखू लागले किंवा आवाज पार बसला, तर मात्र कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला दाखवावे.

मग अडते कुठे? पेटीवर. वर्गात बहुधा मुलींना सोयीची काळी चार धरली जाते. आवाज उतरू लागलेल्या मुलाला या पट्टीतला मध्य षड्ज लागतो, पंचमापर्यंतही तो जातो. पण तार षड्जाकडे निघाला की आवाज फाटतो. एक सप्तक खाली गावे, तर तितका खर्ज अजून तयार झालेला नसतो. वर जागा नाही, खाली जागा नाही. मित्र हसतात, शिक्षक नाइलाजाने ‘तू बस’ म्हणतात, आणि मुलगा समजतो की आपला गळा गेला. खरे तर गळा जागेवर असतो. त्याची पट्टी तेवढी हरवलेली असते.

यावर उपाय साधे आहेत. दर महिन्याला प्रत्येक मुलाला सहज बोलायला लावून, त्याच्या बोलण्याच्या जवळपासचा सूर पेटीवर शोधावा आणि तेथून त्याचा षड्ज ठरवावा. ज्यांचा आवाज पुरता उतरला, त्यांना पांढरी एक किंवा काळी एक द्यावी. मधल्यांसाठी पाच-सहा स्वरांत बसणारी गीते निवडावीत. भूपातले मंद्र धैवतापासून पंचमापर्यंतचे आलाप या कामी उत्तम. मुले आणि मुली एकाच वेळी गाण्याऐवजी आळीपाळीने, आपापल्या पट्टीत गाऊ शकतात. जोर लावून वरचा सूर काढायला कोणालाही सांगू नये.

ज्या दिवशी गळा साथ देत नाही, त्या दिवशीही संगीत थांबत नाही. दादऱ्याच्या सहा, केरव्याच्या आठ, झपतालाच्या दहा, त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर टाळी-खाली देऊन मोजता येतात. ठेक्याचे बोल म्हणता येतात. तबला, पेटी, स्वरलेखन आणि मुख्य म्हणजे ऐकणे, या सगळ्यांसाठी हेच वय योग्य आहे. मात्र मुलाला गाण्यातून उठवून कायमचे तबल्यावर बसवणे हा उपाय नव्हे. रोज थोडे तरी, त्याच्या टप्प्यात, त्याने गायला हवे.

आपल्याच परंपरेत याचा मोठा दाखला आहे. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) मूळचे बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे. लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकातल्या कैकेयीच्या भूमिकेने गाजले. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीतले स्थान गेले. त्यांनी गाणे सोडले नाही. बडोद्याला फैज महंमद खाँकडे आणि पुढे नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे ते शिकले. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापला. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. फुटलेल्या आवाजाला पुन्हा गुरू मिळाला, म्हणून हे घडले.

शाळेतून संगीत शिकवण्याची कल्पनाही आपल्या गावांना नवी नाही. १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा बडोद्यात सुरू झाली. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उघडले. ज्यांच्या पणजोबांनी हे पाहिले, त्या घरांतल्या मुलांनी नववीत गप्प बसावे हे बरे नव्हे.

म्हणून, वाचकहो, घरातल्या मुलाचा आवाज चिरकू लागला तर हसू नका. आरतीला पेटी असेल तर पट्टी थोडी उतरवा, म्हणजे त्यालाही तुमच्याबरोबर म्हणता येईल. शाळेच्या पालकसभेत गुणांबरोबर संगीताच्या तासाचीही चौकशी करा: मुलांसाठी वेगळी पट्टी धरता का? मराठीत पालवी फुटते, वाचा फुटते, तसाच कंठही फुटतो. काच फुटते तसा तो फुटत नाही, एवढे त्या मुलाला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे.