पिंजलेला कापूस, धुतलेलं लुगडं

गादी कारखान्यात जायचं तर उन्हाळ्यात जावं. चैत्र-वैशाखात कापूस कोरडा ठणठणीत असतो, यंत्रातून मोकळा होऊन निघतो. आषाढात तोच कापूस हवेतली ओल धरून बसतो आणि तसाच खोळीत भरला की गादीचा कुबट वास पुढे कितीही उन्हं दाखवली तरी जात नाही. आमच्या पेठेतले कारागीर चाचा पावसाळ्यात पिंजायचं काम घेतच नाहीत. गिऱ्हाईक अडून बसलं तर म्हणतात, ‘‘दिवाळीनंतर या साहेब, आता घेतली तर शिव्या मलाच पडतील.’’

एकेकाळी पिंजारी खांद्यावर तातीची धनुकली टाकून दारोदार फिरत. आता ते काम दातेरी रुळांचं यंत्र करतं. जुनी गादी उसवली की आतून राखाडी, दडपलेले गोळे निघतात. ते यंत्राच्या तोंडाशी घालायचे. दुसऱ्या बाजूने पांढरा ढीग वर चढत जातो आणि खोलीभर धूळ उडते. चाचा नाकातोंडाला फडकं बांधूनच उभे असतात. या धुळीबरोबर तुटके तंतूही उडून जातात, म्हणून गादी जितक्या वजनाची दिली तितक्या वजनाची परत मिळत नाही. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजन आपल्यासमोर करून घ्यावं. तूट भरायला नवा कापूस घालावाच लागतो, आणि खरी निवड तिथेच असते.

गादीला मऊ कापूस लागतो असं आपण धरून चालतो. लांब, रेशमी तंतूचा कापूस कापडासाठी उत्तम. गादीत तो लवकर बसतो. गादीला हवा देशी वाणाचा आखूड, राठ तंतू. मुठीत दाबून सोडला की तो पुन्हा फुगतो. स्वस्तातल्या गाद्यांत होजिअरीच्या चिंध्या फाडून केलेला रंगीबेरंगी कापूस असतो. त्याचे गोळे वर्षा-दोन वर्षांत पाठीला लागतात. गादी तयार विकत घेत असाल तर शिवणीचा एक कोपरा उसवून दाखवायला सांगा.

भरण्याची रीत बघण्यासारखी आहे. तीन बाजूंनी शिवलेली खोळ उलटी करून जमिनीवर पसरतात. तिच्यावर कापसाचे थर लावतात. कमरेखाली येणाऱ्या भागात थोडा जास्त, कारण गादी आधी तिथेच बसते. मग खोळ आणि कापूस मिळून वळकटी करतात आणि उघड्या तोंडातून सगळं उलथवतात. एका झटक्यात कापूस आत, कापड बाहेर! नंतर काठीने झोडपून थर सारखे करायचे आणि दाभणाने टाके घालायचे. टाके दूर दूर असतील तर कापूस सरकतो, म्हणून ते जवळ मागावेत.

उशीचं गणित वेगळं. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात. तिचा तंतू आतून पोकळ आणि इतका गुळगुळीत की त्याचं सूत निघत नाही. डोक्याखाली मात्र तो हलका, गार लागतो. काही वर्षांनी त्याचा भुगा होतो आणि तो पुन्हा पिंजता येत नाही. हे माहीत असूनही मी उशीला सावरच घेतो.

पांघरुणात मला गोधडी सगळ्यांत वर वाटते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा कोणत्याही गिरणीला जमलेला नाही. पण पावसाळ्यात ती भिजली की चार दिवस वाळत नाही. कोकणात म्हणूनच एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ चादरी बऱ्या. घोंगडीचं उलट आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, त्यात विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी ताठ असते आणि टोचते. लोकर ओल शोषताना थोडी ऊबही सोडते, म्हणून धनगर भर पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेतात. घरात ती गादीवर अंथरावी, वर सुती चादर टाकावी.

देशावरच्या थंडीला सोलापुरी पुरते. अस्सल सोलापुरी सुती, वजनदार असते आणि उलटी केली की जमिनीचा रंग नक्षीत आणि नक्षीचा रंग जमिनीत गेलेला दिसतो. त्याच नावाखाली हलकी, सुळसुळीत मिश्र धाग्याची चादरही सर्रास विकली जाते.

आणि रोजची पलंगावरची चादर? इथे हाताचा स्पर्श फसवतो, कारण दुकानातला गुळगुळीतपणा बऱ्याचदा वरून दिलेल्या खळीचा किंवा रसायनाचा असतो, दोन धुण्यांत उतरतो. सर्वसाधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के पाणी धरतं, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर मात्र अर्धा टक्कासुद्धा नाही. दोरीवर पॉलिस्टर आधी वाळतं हे खरं, पण मे महिन्याच्या रात्री अंगाचा घाम जायचा कुठे? ‘ग्लेस कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक चादरींत कॉटन नावापुरतंच असतं. पाकिटावरच्या धाग्यांच्या मोठमोठ्या आकड्यांनीही भुलू नये. पीळ दिलेल्या एका धाग्यातले पदर सुटे मोजून तो आकडा फुगवता येतो.

काठाचा एक धागा मागून घ्या, दुकानाबाहेर येऊन त्याला काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि बोटाने विस्कटणारी राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दुकानदार धागा द्यायला नको म्हणाला, तर चादर तिथेच ठेवा आणि पुढचं दुकान गाठा.