मालमोटारीचें नाक किती उंच असावें ?

पिपरी मेघे हें गांव वर्धा शहरास लागूनच असल्यामुळें येथें डांबरी सडकेची वाण नाहीं. परंतु सडक सोडून शेताच्या पांदणीस लागलें कीं आपल्या काळ्या जमिनीची गांठ पडते. पावसाळ्यांत ती चाकांस चिकटते. पुढें वाळली म्हणजे खोल चाकोऱ्या तशाच राहतात. अशा वाटेनें माल आणावयाचा तर चारही चाकांस इंजिनाचा जोर पोंचविणारी पिकअप मालमोटार फार उपयोगी पडते. मग कित्येक मालकांस वाटतें कीं, तिचें नाक आणखी चार बोटें उचलावें, म्हणजे पोट घासणार नाहीं. कांहीं गाड्यांत हें काम एका बोल्टानें होतें. त्या बोल्टानें काय होतें व काय होत नाहीं, हें आम्ही येथें सांगणार आहों.

स्वातंत्र्यानंतर मुंबईंत महिंद्र कंपनीनें ज्या जीप गाड्या जोडण्यास आरंभ केला, त्यांस पोलादी पाट्यांच्या कमानी असत. त्यांत उंची फिरविण्याचा बोल्ट नसे. १९९८ सालीं निघालेली टाटा सफारी व पुढें आलेली टाटा झेनॉन पिकअप यांच्या पुढच्या चाकांस मात्र निराळी योजना आहे. तेथें प्रत्येक बाजूस एक लांब पोलादी दांडा असतो. त्यास टॉर्शन बार म्हणतात. त्याचें एक टोंक चाक धरणाऱ्या भुजेस व दुसरें चौकटीजवळच्या लहान तरफेस जोडलेलें असतें. चाक वर गेलें कीं ओलें धोतर पिळावें तसा दांडा पिळला जातो, आणि त्याच्या उलट फिरण्याच्या ओढीवर गाडी तोलली जाते. तरफ एका बोल्टावर टेकलेली असते. तो आवळला कीं भुजा खालीं दाबली जाते व नाक वर येतें.

पुष्कळांचा समज असा कीं, बोल्ट आवळल्यानें दांडा अधिक बळकट होतो. हा समज चुकीचा आहे. दांड्याचा ताठरपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर व धातूवर अवलंबून असतो. जाडी एक दशांशानें वाढविली तर तो सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढतो. पण बोल्ट फिरवून जाडी वाढत नाहीं.

शिवाय चाकाचा वरखालीं हलण्याचा पल्ला ठरलेला असतो. समजा, उभ्या गाडींत चाकास खालीं जाण्यास ८० मिलिमीटर वाव आहे. नाक ५० मिलिमीटर उचललें तर ३० च उरतात. मग चाक खड्ड्यांत उतरतांना भुजा अडणीवर आदळते व चाक जमीन सोडतें. ज्या चाकाखालीं जमीन नाहीं, तें गाडी ओढीत नाहीं, वळवीत नाहीं व थांबवीतही नाहीं. त्यांतच पुढच्या चाकांस फिरविणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक वांकून चालतात. ते लवकर झिजतात आणि त्यांवरील रबरी वेष्टन फाटलें तर आंत चिखल शिरतो.

मग हा बोल्ट कशासाठीं ? वर्षांच्या वापरानें अगर पुढें जड लोखंडी बंपर बसविल्यानें नाक बसलें असेल, तर तें मूळ मापास आणण्यासाठीं. गाडी सपाट जागीं उभी करावी, टायरांत योग्य हवा भरावी व चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचें माप घ्यावें. मग गाडी उचलून भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. बोल्टाच्या पहिल्या जागेची खूण करून फेरे मोजून फिरवावा. ताणलेल्या दांड्याचा बोल्ट पुरता काढूं नये. तरफ उसळून हात मोडेल. गाडी उतरवून थोडी पुढें-मागें चालवावी व पुन्हां मोजावें. शेवटीं चाकांचें अलाइनमेंट आणि दिव्यांचा रोख तपासून घ्यावा. नाक उंचावलें कीं दिवेही वर पाहूं लागतात, आणि रात्रीं समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे डोळे दिपून जातात.

कारखानदाराच्या पुस्तकांत दिलेली उंची हीच मर्यादा मानावी. तेवढ्यानें पांदण पार होत नसेल, तर वाट वाळेपर्यंत थांबावें, अथवा माल बैलबंडीनें सडकेपर्यंत आणावा. एका खेपेच्या घाईपेक्षां आंत बसलेल्या माणसांचें मोल अधिक आहे.