जुगाराचे व्यसन आणि सट्टा उद्योगाचे उत्तरदायित्व : ब्रिटनचा अनुभव

जुगाराचे व्यसन म्हणजे व्यक्तीच्या मनाचा दुबळेपणा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत जुगारविकृतीची गणना व्यसनविकारांत केली. त्यामुळे खेळणाऱ्याबरोबरच खेळाच्या साधनाचाही विचार अपरिहार्य ठरतो.

ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्याने बालके व दुर्बल व्यक्तींचे संरक्षण हे परवाना पद्धतीचे एक उद्दिष्ट मानले. तथापि सट्ट्याच्या अधिकृत दुकानांतील यंत्रांवर दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत पैज लावता येत असे. खेळणाऱ्याला थांबण्याचे आवाहन करणारे फलक आणि थांबण्यास उसंत न देणारी यंत्रे एकाच छपराखाली होती. अखेर १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा २ पौंडांवर आणण्यात आली. संशोधन व उपचारांसाठी कंपन्या स्वेच्छेने निधी देत असत. त्याजागी एप्रिल २०२५ पासून सक्तीची आकारणी लागू झाली.

सारांश, पैजेची मर्यादा आणि उपचारांचा भार या दोन्ही गोष्टी उद्योगावर कायद्यानेच घालाव्या लागल्या. ग्राहकाच्या हानीतून ज्याला नफा होतो, त्याच्याच स्वेच्छेवर त्या ग्राहकाचे संरक्षण सोपविणे कितपत युक्त आहे, याचा विचार धोरणकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.