घराबाहेर पडायचीच भीती वाटते? ही नाटकं नाहीत, हा 'अ‍ॅगोराफोबिया' असू शकतो!

समजा, गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये उभं असताना अचानक छातीत धडधडायला लागलं. घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, श्वास पुरेना आणि पुढचं स्टेशन अजून लांब आहे. थोड्या वेळात सगळं शांत होतं. डॉक्टरांकडे ईसीजीही नॉर्मल येतो. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना चढताना मनात येतं, "परत तसंच झालं तर?"

आधी लोकल सुटते. मग बस, मग बाजार, मग बँकेतली रांग. काही महिन्यांनी कोपऱ्यावरून भाजी आणायलाही कुणीतरी सोबत लागतं. घरचे म्हणतात, "सगळी नाटकं आहेत." पण हा एक मानसिक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

भीती नेमकी कशाची?

ग्रीक भाषेत 'अगोरा' म्हणजे बाजाराचा चौक. बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली या आजाराला 'अ‍ॅगोराफोबिया' हे नाव दिलं. त्यांच्या रुग्णांना मोकळे चौक आणि निर्मनुष्य रस्ते ओलांडता येत नसत. पण सोबत कुणी असलं की भीती कमी व्हायची.

चौक तोच, मग सोबतीने फरक का पडावा? कारण भीती जागेची नसते. "इथे मला काही झालं तर बाहेर कसं पडू? मदतीला कोण येईल?" ही ती भीती असते.

कसं ओळखायचं?

बस-ट्रेनचा प्रवास, मोकळ्या जागा, थिएटरसारख्या बंद जागा, रांग किंवा गर्दी आणि एकट्याने घराबाहेर पडणं, या पाचपैकी किमान दोन ठिकाणी अशी भीती वाटते, ती साधारण ६ महिने किंवा त्याहून जास्त टिकते आणि रोजचं जगणं अडतं, तेव्हा तज्ज्ञ अ‍ॅगोराफोबियाचा विचार करतात. बऱ्याच जणांत सुरुवात पॅनिक अटॅकपासून होते, पण सगळ्यांत नाही. हृदयाचा किंवा थायरॉईडचा त्रास नाही ना, हे आधी तपासून घ्यावं लागतं.

भीती वाढते कशी?

लोकल टाळली की लगेच हायसं वाटतं. इथेच खरी गोम आहे. टाळलं म्हणून वाचलो, असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते.

उपचार काय?

सीबीटी, म्हणजेच कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, नेमकं हेच चक्र तोडते. थेरपिस्टच्या मदतीने भीतीची शिडी तयार होते. आधी फक्त प्लॅटफॉर्मवर थांबायचं, मग दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने एकच स्टेशन, मग दोन, शेवटी एकट्याने फास्ट लोकल. भीती वाटली तरी पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचं. "भीती आली, पण काही झालं नाही" हा नवा धडा मेंदू हळूहळू शिकतो.

गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ एसएसआरआय गटातली औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच स्वतःहून बंद करू नयेत. लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, त्यामुळे त्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

घरच्यांनी काय करावं?

"एवढंसं तर जायचंय" म्हणत ढकलू नका. पण प्रेमापोटी त्यांची सगळी कामं स्वतःकडेही घेऊ नका, त्याने टाळणंच पक्कं होतं. आज गेटपर्यंत सोबत जा, उद्या चार पावलं मागे थांबा.

दवाखान्यापर्यंत जाणंच जमत नसेल, तर सुरुवात फोनवरूनही करता येते. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही. शिडीची पहिली पायरी घरात बसूनच चढता येते.