अर्धं ताट, अर्धा चौक

पक्षाघातात मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही रुग्ण ताटातला उजवीकडचा भात संपवतात आणि म्हणतात, "अजून वाढा." डावीकडची पोळी-भाजी तशीच! घरचे म्हणतात, डोळे गेले असतील, नाहीतर मुद्दाम करत असतील. पण डोळे बऱ्याचदा ठीक असतात. मग अडतं कुठे?

इटलीतल्या मिलान शहरात बिसियाक आणि लुझ्झात्ती या संशोधकांनी अशा दोन रुग्णांना डोळ्यांनी काही बघायलाच लावलं नाही. "तुम्ही आपल्या कॅथेड्रलच्या चौकात, कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा. काय काय दिसतं, सांगा," एवढंच विचारलं. चौक त्यांच्या ओळखीचा. तरी सांगितल्या त्या बहुतेक उजव्या हाताच्या इमारती. मग म्हटलं, आता कॅथेड्रलच्या दारात उभे राहून चौकाकडे बघा. गंमत बघा, मघाशी सुटलेल्या इमारती आता आल्या आणि सांगितलेल्या गायब! हे १९७८ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे आठवण शाबूत होती, फक्त डाव्या बाजूकडे लक्षच जात नव्हतं. मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडेच. म्हणून उजव्याला इजा झाली की डावीकडे राखण करणारं कोणी उरत नाही.

अशा आजोबांवर चिडू नका. ताट फिरवून द्या. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि "आधी लाल रंग शोधा, मग वाचा" असं सांगा. रस्ता ओलांडताना मात्र त्यांच्या डाव्या बाजूला तुम्हीच चाला.