सहकारनगरात सैबेरियाचा बर्फी

‘‘बाई, तुमच्या घरी लांडगा आहे ना?’’ दर जूनमध्ये वर्गातलं एखादं तरी पोर मला हे विचारतंच. लांडगा कुठला? तो आमचा बर्फी, सैबेरियन हस्की जातीचा कुत्रा. धाकट्या दिरांनी हौसेने पिल्लू आणलं. वर्षभरात त्यांची बदली झाली आणि बर्फी राहिला सहकारनगरला, आमच्या दोन खोल्यांत!

हस्कीचं मूळ गाव सैबेरियाचं ईशान्य टोक. तिथले चुकची लोक बर्फावरच्या घसरगाड्या ओढायला हे कुत्रे पाळत. दिवसभर धावले तरी ते दमत नाहीत. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. तेव्हा २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. सगळ्यांत लांबचा टप्पा होता टोगो या हस्कीच्या तुकडीचा. टोगो तेव्हा १२ वर्षांचा, म्हणजे म्हाताराच!

अशी ताकद दोन खोल्यांत कोंडली तर काय होणार? बर्फीने माझ्या तपासायच्या वह्या फाडल्या, गादीतला कापूस बाहेर काढला. दार उघडं दिसलं की तो पार पर्वतीच्या पायथ्यापर्यंत पळतो. भुंकतो कमी, पण असा हेल काढून रडतो की शेजारच्या आजी विचारतात, ‘‘अगं, कुणाचं काय झालं?’’

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. आतली लोकर झडायला लागली की पोळीतसुद्धा केस सापडतात. ‘उन्हाळ्यात भादरून टाका’ असं लोक सुचवतात. पण तसं करू नये. तेच केस उन्हाचा चटकाही अडवतात.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. हे मला ठाऊक होतं, तरी गेल्या मे महिन्यात चुकले. संध्याकाळी साडेपाचला त्याला फिरायला नेलं. ऊन कललं होतं, पण डांबर तापलेलंच होतं. कोपऱ्यावर बर्फी बसला तो उठेचना. जीभ लालभडक, तोंडातून लाळेच्या तारा. इस्त्रीवाल्या काकांनी धावत बादली आणली. पोटावर, पायांवर पाणी ओतून रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. ताप १०६! कुत्र्याचं अंग एरवीही १०१-१०२ असतं, पण १०६ म्हणजे जिवावरचं दुखणं. सलाइन लागलं. दोन तासांनी त्याने शेपटी हलवली, तेव्हा मला रडू फुटलं.

आता आमची फेरी पहाटे पाचला. उन्हाळ्यात खाली उतरलं की मी आधी रस्त्याला तळहात लावून बघते. चटका बसला तर माघारी!

वर्गातली मुलं विचारतात, ‘‘बाई, आम्ही पण हस्की आणू?’’ मी सरळ ‘नको’ म्हणते. बर्फीवर माझा जीव आहे, तरीही.

जूनचा पहिला पाऊस आला की बर्फी गच्चीवर जाऊन भिजत बसतो. हाका मारून घसा बसतो, पण स्वारी खाली येत नाही. शेवटी मीच छत्री घेऊन त्याच्याशेजारी बसते.