ब्रिटनमध्ये गाडीची 'एमओटी' करायची आहे? विश्वासाचं गॅरेज कसं ओळखायचं?

नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या मराठी कुटुंबानं तिथे पहिली सेकंडहँड गाडी घेतली, की काही महिन्यांतच एक शब्द कानावर पडतो - एमओटी. महाराष्ट्रात गाडी चालवलेल्यांना हा प्रकार नवीन वाटतो. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. तोवर फिटनेस तपासणीसाठी आरटीओत जावं लागत नाही. मधल्या काळात पीयूसी वेळेवर काढली की झालं, आणि पीयूसीत तपासला जातो तो फक्त धूर.

ब्रिटनमध्ये मात्र गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तिची सुरक्षा चाचणी करून घ्यावी लागते. ही चाचणी बहुतेक ठिकाणी खासगी गॅरेजमध्ये होते. कोणत्या गॅरेजमध्ये जायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं.

प्रश्न तिथेच सुरू होतो. समजा, गाडी फेल झाली आणि ज्या गॅरेजनं फेल केली त्यानंच दुरुस्तीचं भलंमोठं एस्टिमेट हातात ठेवलं. हे काम खरंच गरजेचं आहे की आपण नवखे आहोत म्हणून गळ्यात मारलं जातंय, हे कसं कळणार?

एमओटी म्हणजे नेमकं काय?

एमओटी ही 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' या नावाची आद्याक्षरं. त्या नावाचं खातं आता राहिलेलं नाही, पण चाचणीचं नाव टिकलं. १९६० मध्ये ती सुरू झाली तेव्हा १० वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढंच पाहिलं जायचं. १९६७ मध्ये ही मर्यादा ३ वर्षांवर आली.

आज या चाचणीत ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, सीटबेल्ट, काचा, वायपर, गाडीच्या सांगाड्याचा गंज आणि धूर अशा बऱ्याच गोष्टी तपासल्या जातात. इंजिन आतून कसं आहे, क्लच आणि गिअरबॉक्स किती झिजलेत, हे मात्र त्यात येत नाही. गाडीचे भाग उघडून पाहण्याची परवानगीही परीक्षकाला नसते. त्यामुळे 'एमओटीसाठी क्लच बदलावा लागेल' असं कुणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

एमओटी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. वैध एमओटीशिवाय गाडीचा रोड टॅक्सही भरता येत नाही.

खरी अडचण कुठे आहे?

जो तपासतो, तोच दुरुस्त करतो. अडचण एवढीच आहे.

कारच्या एमओटीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पाउंड घेता येतात. अनेक गॅरेज त्याहून बरेच कमी घेतात. गिऱ्हाईक दारात आणायचं आणि पैसे दुरुस्तीवर कमवायचे, हे गणित त्यामागे असू शकतं. म्हणून सर्वात स्वस्त एमओटी शेवटी स्वस्त पडेलच असं नाही.

भारतात या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या पद्धतीनं शोधलं गेलंय. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं स्वयंचलित वाहन तपासणी केंद्रांसाठी नियम केले. असं केंद्र चालवणाऱ्याला तिथे दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा धंदा करता येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर चाचणी सरकारी केंद्रांतच होते (तिथे ती गाडी ४ वर्षांची झाल्यावर सुरू होते). इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मात्र परीक्षक आणि दुरुस्ती करणारा एकाच छपराखाली असतात.

याचा अर्थ सगळीच गॅरेज लबाड असतात असा नाही. चाचणी करणाऱ्या गॅरेजला 'डीव्हीएसए' या सरकारी संस्थेची मान्यता लागते आणि त्यांच्यावर तिची देखरेख असते. पण गिऱ्हाईक म्हणून तुम्ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. चाचणी आणि दुरुस्ती हे दोन वेगळे व्यवहार आहेत. चाचणी जिथे केली तिथेच दुरुस्ती करण्याचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही.

फारशी माहीत नसलेली सोय: कौन्सिलचं केंद्र

ब्रिटनमधल्या अनेक स्थानिक कौन्सिलांची स्वतःची एमओटी केंद्रं आहेत. कौन्सिलच्या गाड्या तपासण्यासाठी ती उभारलेली असतात, पण सर्वसामान्यांसाठीही खुली असतात. यातली बहुतेक केंद्रं लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती करत नाहीत. म्हणजे तुमची गाडी फेल करून त्यांना काहीच मिळत नाही.

तोटाही आहे. गाडी फेल झाली तर दुरुस्तीसाठी दुसरं गॅरेज गाठावं लागतं आणि फेरतपासणीला परत यावं लागतं. पण नवीन शहरात ओळखीचा मेकॅनिक नसेल, तर सुरुवात इथून करणं शहाणपणाचं. तुमच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर केंद्राची माहिती मिळते.

खासगी गॅरेजमध्ये जाण्याआधी काय पाहावं?

१. पाटी. मान्यताप्राप्त केंद्राबाहेर निळ्या रंगावर तीन पांढरे त्रिकोण असलेली पाटी असते. कमाल शुल्काचा तक्ताही आत लावलेला असायला हवा.

२. पाहण्याची जागा. चाचणी बघण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी केंद्रात ठरलेली जागा असते. परीक्षकाला मध्ये थांबवता येत नाही, पण उभं राहून पाहता येतं. 'मी थांबून बघितलं तर चालेल ना?' असं फोनवरच विचारा. उत्तर देताना समोरचा आढेवेढे घेऊ लागला, तर दुसरं गॅरेज बघा.

३. फेरतपासणीचे पैसे. फेल झाल्यावर किती घेणार, हेही आधीच विचारा.

४. गाडीचा इतिहास. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की कोणत्याही गाडीच्या जुन्या एमओटी मोफत दिसतात. कधी फेल झाली, कशामुळे झाली, किती मैल चालली होती, सगळं. गेल्या वर्षी 'टायर झिजत आलाय' अशी नोंद असेल, तर यंदा टायर बदलायला सांगितल्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण गेल्या वर्षी कशाचाही उल्लेख नव्हता आणि यंदा एकदम पाच मोठी कामं निघाली, तर प्रश्न विचारायलाच हवेत.

५. घरची तयारी. अनेक गाड्या साध्या कारणांनी फेल होतात. सगळे दिवे लागतात का, हॉर्न वाजतो का, वायपर काच नीट पुसतात का, काच धुण्याचं पाणी भरलंय का, नंबरप्लेट स्पष्ट दिसते का, हे दहा मिनिटांत घरीच बघता येतं. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात.

निकालाचा कागद कसा वाचायचा?

मे २०१८ पासून दोष चार प्रकारांत लिहिले जातात. नवख्या माणसाची फसगत बहुधा इथेच होते, म्हणून हे नीट समजून घ्या.

- डेंजरस: गाडी फेल. दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणायची नाही.
- मेजर: गाडी फेल. दुरुस्त करून फेरतपासणी लागते.
- मायनर: गाडी पास. दोष लवकर दूर करावा.
- ॲडव्हायजरी: गाडी पास. यापुढे या भागावर लक्ष ठेवा, एवढाच सल्ला.

काउंटरवर मात्र अनेकदा चारही प्रकारांची कामं एकाच यादीत, एकाच रकमेत सांगितली जातात. अशा वेळी शांतपणे म्हणा, 'यातली कोणती कामं पास होण्यासाठी लागणारच आहेत, तेवढी वेगळी लिहून द्या.' आणि झिजलेला भाग दाखवायला सांगा. प्रामाणिक मेकॅनिक गाडीखाली नेऊन बोट ठेवून दाखवतो.

दुरुस्ती त्याच केंद्रात केली, तर १० कामकाजाच्या दिवसांत होणारी फेरतपासणी मोफत असते. गाडी बाहेरून दुरुस्त करून याच मुदतीत परत आणली, तर काही किरकोळ दोष वगळता कमी केलेलं शुल्क द्यावं लागतं. हे शुल्क वाचवण्यासाठी शेकडो पाउंडांची दुरुस्ती पहिल्याच ठिकाणी उरकायची का, याचा हिशेब करा. 'डेंजरस' दोष नसेल, गाडी चालवण्यायोग्य असेल आणि जुन्या एमओटीची मुदत शिल्लक असेल, तर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेता येते.

निकाल पटला नाही तर?

आधी गॅरेजशी बोला. तरीही फेल करणं चुकीचं वाटत असेल, तर 'व्हीटी १७' हा अर्ज भरून चाचणीपासून १४ कामकाजाच्या दिवसांत डीव्हीएसएकडे अपील करता येतं. पुन्हा पूर्ण शुल्क भरावं लागतं, पण अपील मान्य झालं तर ते पूर्ण किंवा अंशतः परत मिळतं. एक पथ्य पाळा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत दोष दुरुस्त करू नका. दुरुस्ती झाली की तपासायला पुरावाच उरत नाही.

'हमखास पास' करणारं गॅरेज चांगलं का?

ओळखीपाळखीत असा सल्ला हमखास मिळतो, 'अमुक ठिकाणी जा, तो काही अडवत नाही.' पीयूसीचा कागद पाच मिनिटांत हातात पडण्याची सवय असलेल्या आपल्याला यात गैर वाटत नाही.

पण विनाकारण फेल करणारं गॅरेज तुमचे पैसे घेतं, तर डोळे मिटून पास करणारं गॅरेज तुमचा जीव धोक्यात घालतं. मुलांना मागच्या सीटवर बसवून ताशी ७० मैलांनी मोटरवेवर जाताना गंजलेली ब्रेकची नळी सर्टिफिकेट बघून थांबत नाही. गाडी न पाहताच पास केल्याचे प्रकार ब्रिटनमध्येही घडतात. म्हणूनच २०२५ मध्ये डीव्हीएसएनं काही गॅरेजमध्ये चाचणीच्या जागी गाडीचा फोटो काढण्याचा प्रयोग सुरू केला. शिवाय 'डेंजरस' दोष असलेली गाडी चालवताना पकडलं गेलं, तर २,५०० पाउंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट लागू शकतात. तेव्हा खिशात पासचं सर्टिफिकेट आहे, हे सांगून सुटका होत नाही.

कधी जायचं?

मुदत संपायच्या आदल्या दिवशी जो गॅरेज शोधतो, त्याला मिळेल ते गॅरेज आणि सांगतील ती रक्कम मान्य करावी लागते. त्यापेक्षा मुदतीच्या महिनाभर आधी जा. समजा एमओटी १५ मे रोजी संपते. १६ एप्रिलपासून कधीही चाचणी करून पास झालात, तरी पुढच्या वर्षीची तारीख १५ मे हीच राहते. म्हणजे एकही दिवस वाया जात नाही. उलट गाडी फेल झालीच, तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायला आणि दोन ठिकाणचे दर विचारायला वेळ मिळतो. सरकारी वेबसाइटवर मोफत आठवण सेवा आहे. गाडीचा नंबर देऊन ती आजच सुरू करून ठेवा.